समोरचा वारा

स्कोअरबुकात वाऱ्यासाठी रकाना नसतो.
एकवीस उन्हाळे मी पेन्सिलीला टोक काढत
इन्व्हरकार्गिलच्या या लाकडी खोपटात बसले,
मांडीवर घोंगडी, थर्मासात चहा,
आणि कर्स्टी मॅकलिंटॉकच्या नावापुढे
टिंबं देत गेले.
टिंब म्हणजे काही न घडलेला चेंडू.
असं आपलं म्हणायचं.

इथला वारा नैर्ऋत्येचा.
त्याच्या मागे गाव नाही, समुद्र, मग बर्फ.
तो सुटला की मेंढ्यासुद्धा पाठ फिरवून उभ्या राहतात.
त्याला पाठीशी घेऊन धावायची हुइया पराता,
केस पुढे, चेंडू पुढे, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.
दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी टाकायलाच लागतं.
कॅप्टन विचारायचीसुद्धा नाही,
चेंडू नुसता कर्स्टीकडे उडवायची.

सोळा पावलांचा रन-अप.
वारा त्यातली चार परत मागायचा.

हिवाळ्यात ती ब्लफला, कालवं उघडायला.
रबरी बूट, आखूड सुरी,
शिंपल्याच्या सांध्यात टोक, मनगटाला हिसका, पुढचं.
डझनावर पैसे.
मार्चमध्ये सामना आणि कालवं एकाच आठवड्यात आली
की मुकादम म्हणायचा, ठरव काय ते.
ती ठरवायची नाही. पहाटे शेड, अकराला मैदान.
चेंडूला मासळीचा वास येतो, अशी
क्राइस्टचर्चच्या एका सलामीवालीने पंचांकडे तक्रार केली होती.
तीही मी कुठे लिहिणार?

चोविसाव्या वर्षी मणका चिरला.
केसाएवढी रेघ, डॉक्टरांनी काचेवर दाखवली.
दीड वर्ष टिंबसुद्धा नाही.

देशासाठी नऊ सामने, सात बळी.
त्याच नऊ सामन्यांत हुइयाचे तेवीस.
त्यातले किती कर्स्टीच्या षटकांनी जेरीला येऊन
पलीकडे बॅट फिरवायला गेलेल्यांचे,
हे मी एकदा घरी, रात्री, मोजून पाहिलं.
आकडा कुणाला सांगितला नाही.
हुइयाला माहीत असावा.
नाताळला ती दरवर्षी कर्स्टीकडे हॅम पाठवते.

पगाराचा करार आला तेव्हा कर्स्टी एकतिसाची.
सही करताना तिने विचारलं, आमच्याकडचा तो र घोळवत,
"मग हिवाळाभर करायचं काय?"
विश्रांती, म्हणाले.
सोमवारी ती शेडमध्येच होती.

आता एकोणीस वर्षांची टेगन येते,
तीन वर्षांचा करार, स्वतःची गाडी,
आणि विचारते, वाऱ्यावर कसं टाकायचं.
"उशिरा सोड," कर्स्टी म्हणते.
"आणि चिडू नकोस. त्याला कळतं."

परवाचा सामना शेवटचा.
कॅप्टनने मानाने तिला वरचं टोक दिलं, वारा पाठीशी.
मार्कपाशी ती उभी राहिली,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी.
धावली. सोळा पावलं कुठे गेली कळलंच नाही,
वाऱ्याने तिला उचलून क्रीजपलीकडे ठेवलं.
पंचांचा हात आडवा. नोबॉल.
मग पुन्हा. मग पुन्हा.
एकवीस वर्षांत बारा, एका षटकात तीन.
ती गुडघ्यांवर हात टेकून हसत सुटली,
पंचही हसले, मी खाडाखोड केली.

दोन षटकं जाऊ दिली.
मग कुणाला न विचारता खालच्या टोकाला चालत गेली,
स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या
आणि चेंडूसाठी हात पुढे केला.

टिंब.
टिंब.
टिंब.
सहा झाली की आम्ही ती रेघेने जोडतो, निर्धाव षटकाची खूण.
पाचव्याला वाऱ्याने पान उलटायला घेतलं.
मी त्यावर कोपर ठेवलं.